नोंदणी क्रमांक म्हणजे पोच नव्हे

(भातकुली येथे तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या संयोजकांनी मला विषय दिला तो 'नोकरी शोधण्याची ऑनलाइन साधने' हा. अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाकडे हा विषय कसा आला, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले की, शाखेच्या कचेरीत येणारा तरुण पूर्वी रेशनकार्डाचा किंवा जमिनीच्या मोजणीचा प्रश्न घेऊन येत असे, आता तो मोबाईल पुढे करतो आणि म्हणतो, "सर, फारम त भरला, पन काई आलं नाई. आता काय करू?" या प्रश्नाला आपल्या कार्यकर्त्यापाशी उत्तर नसते. तो त्या तरुणाला धीर देतो आणि चहा पाजून परत पाठवतो. चहा पाजणे चांगलेच. परंतु समाजवादी पक्षाचे काम तेथे संपत नाही. तेव्हा या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर कसे शोधावे, याचा विचार आज आपण करू.

प्रथम हा प्रश्न भातकुलीत इतका तीव्र का, ते ध्यानात घेतले पाहिजे. आपला तालुका पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो. येथे विहीर खणली तर पाणी लागते, पण ते पिण्यास निरुपयोगी आणि ओलितासही बहुधा निरुपयोगी. पावसावर कपाशी, तूर, सोयाबीन घ्यावे आणि जमिनीतील ओलीवर जमला तर हरभरा काढावा, एवढेच येथील शेतीचे सामर्थ्य. त्यामुळे वर्षातले कित्येक महिने शेतमजुराच्या आणि लहान शेतकऱ्याच्या हाताला काम नसते. कारखानदारीकडे वळावे तर कापसाच्या या मुलखातील गिरण्यांची अवस्था आपण पाहिली आहे. बडनेऱ्याची विजय मिल बंद पडून बराच काळ लोटला. अचलपूरची फिनले मिल २०२०च्या टाळेबंदीत थांबली. नांदगाव पेठेच्या वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या सभेतून झाली. पायाभरणीचे स्वागत आपणही करू. पण कोनशिलेवर कोणाची चूल पेटत नाही. अशा स्थितीत अमरावतीच्या महाविद्यालयांतून पदवी घेऊन गावी परतलेला मुलगा किंवा मुलगी दिवसभर मोबाईलमध्ये नोकरी शोधत असेल, तर तो त्यांचा छंद आहे असे समजू नये. दुसरा रस्ताच त्यांना दिसत नाही.

हे केवळ भातकुलीचे दुःख नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२४ साली भारतातील रोजगारावर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतील बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ते ३.४ टक्के होते. निरक्षराला काम सहज मिळते असा याचा अर्थ नाही. निरक्षराला बेकार राहणे परवडत नाही, तो मिळेल ते काम मिळेल त्या मजुरीवर करतो, एवढाच त्याचा अर्थ. शिकलेला मात्र थांबतो, अर्ज करतो, वाट पाहतो. वाट पाहणाऱ्या या मोठ्या जनसमूहासाठीच ही ऑनलाइन साधने निर्माण झाली आहेत.

आता थोडा इतिहास. आपल्याकडे सरकारी सेवायोजनाची व्यवस्था १९४५ साली सुरू झाली ती दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी. फाळणीनंतर निर्वासितांसाठी तिचा उपयोग झाला, आणि १९४८ मध्ये ती सर्वांना खुली झाली. १ नोव्हेंबर १९५६ पासून तिचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. सरकारी रोजगार सेवा निःशुल्क असली पाहिजे असे सांगणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९४८चा करार भारताने १९५९ मध्ये मान्य केला, आणि त्याच वर्षी रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास सक्तीने कळविण्याचा कायदा संसदेने केला. तो १ मे १९६० पासून अमलात आला.

या कायद्याचा गाभा आज विसरला गेला आहे, म्हणून तो मी मुद्दाम सांगतो. त्याने कर्तव्य लादले होते ते मालकावर. सार्वजनिक क्षेत्रातील प्रत्येक आस्थापनेने आणि २५ किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनेने, जागा भरण्यापूर्वी ती सेवायोजन कार्यालयास कळवलीच पाहिजे, असे तो सांगत होता. बेकाराने नोंदणी करावी की न करावी हा त्याचा प्रश्न. मालकाने मात्र जागा लपवता कामा नये. तत्त्व उत्तम होते, पण त्यात तीन भोके होती. शेतीतील खाजगी रोजगार कायद्याबाहेर ठेवला होता, म्हणजे भातकुलीसारख्या तालुक्यातील बहुसंख्य श्रमिक आरंभीच वगळले गेले. दुसरे, मालकाने जागा कळवावी एवढेच बंधन होते. कार्यालयाने पाठवलेल्या उमेदवारालाच घ्यावे असे नव्हते. तिसरे, जागा न कळवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दंड होता जास्तीत जास्त ५०० रुपये आणि त्यापुढील प्रत्येक गुन्ह्यासाठी १,००० रुपये. हे आकडे लक्षात ठेवा. त्यांच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

१९८२ साली एम. ए. झाल्यावर मीही सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवले होते. कचेरीबाहेर लांब रांग होती. त्या रांगेत माझ्या मागे आय.टी.आय. झालेला एक जोडारी होता, पुढे टंकलेखनाची परीक्षा दिलेल्या दोन मुली होत्या. दुपारपर्यंत आम्हां सगळ्यांची एकमेकांशी ओळख झाली. खिडकीवरचा कारकून सज्जन होता. मला कार्ड देताना तो म्हणाला, "नूतनीकरणाची तारीख विसरू नका; पण एक सांगतो, इथे नावे येतात, जागा येत नाहीत." मला त्या कार्डावर नोकरी मिळाली नाही, वर्तमानपत्रातील जाहिरात पाहून केलेल्या अर्जावर मिळाली. तरीही ती रांग मी विसरलो नाही. माझ्यासारखे किती आहेत हे मला तेथे डोळ्यांनी दिसले होते. त्या काळी बेकारांचे जे मोर्चे निघाले, त्यांत चालणारी माणसे अशाच रांगांमध्ये एकमेकांना भेटलेली असत. सेवायोजन कार्यालयांच्या नोंदवहीतील आकडा विधिमंडळात वाचून दाखवला जाई आणि मंत्र्याला त्यावर उत्तर द्यावे लागे.

आज ती खिडकी मोबाईलच्या पडद्यात आली आहे. केंद्र सरकारची नॅशनल करिअर सर्व्हिस २० जुलै २०१५ रोजी सुरू झाली. महाराष्ट्राचे 'महास्वयम्' हे संकेतस्थळ आहे. खाजगी क्षेत्रात नौकरी डॉट कॉम तर १९९७ पासून आहे, आणि आता अंगमेहनतीच्या व लहानसहान कामांसाठीही मोबाईलवरील ॲप आली आहेत. १९५९चा कायदा २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

या साधनांचा द्वेष करण्याचे कारण नाही. यंत्राचा द्वेष हा समाजवाद नव्हे. पूर्वी मुंबईच्या वर्तमानपत्रातील जाहिरात आपल्या खेड्यात पोचेपर्यंत दिवस उलटत आणि तालुक्याच्या वाचनालयात ते पान कोणीतरी फाडून नेलेले असे. आज तीच जाहिरात दादरच्या आणि भातकुलीच्या मुलाला एकाच क्षणी दिसते. ज्या मुलीला घरचे लोक अमरावतीला एकटी जाऊ देत नाहीत, ती घरी बसून अर्ज करू शकते. माहितीवरची काही जुनी मक्तेदारी यामुळे मोडली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रत्येक नव्या व्यवस्थेबद्दल एक प्रश्न विचारावा: खर्च कोणाचा कमी झाला आणि कोणावर तो पडला? मालकाचा खर्च निश्चित कमी झाला. एका जागेसाठी हजार अर्ज त्याला घरबसल्या मिळतात. ते चाळण्याचे कामही पुष्कळदा संगणक करतो. ठरावीक इंग्रजी शब्द अर्जात नसले की तो अर्ज माणसाच्या नजरेसमोर येण्यापूर्वीच बाजूला पडतो. मराठी माध्यमात शिकलेल्या, कामात तरबेज पण स्वतःची जाहिरात करण्यास संकोचणाऱ्या आपल्या मुलाला तो का वगळला गेला हे कधीच कळत नाही.

आणि अर्जदाराचा खर्च? गावात मोबाईलला पुरेशी रेंज नसते, म्हणून तो तालुक्याला येतो. सेवा केंद्रावर छायाचित्र आणि सही ठरावीक आकारात बसवून घेण्याचे पैसे देतो. ओटीपी वडिलांच्या मोबाईलवर जातो आणि वडील शेतात असतात. मुदत टळते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जातीचा दाखला, नॉन-क्रिमी लेयर, अधिवास प्रमाणपत्र यांच्या फेऱ्या वेगळ्या. परीक्षा केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात आले तर प्रवास आणि मुक्काम वेगळा. या सर्वांवर परीक्षा शुल्क.

२०२३च्या तलाठी भरतीचे उदाहरण घ्या. पदे होती ४,६४४. अर्ज आले दहा लाखांहून अधिक. शुल्क खुल्या प्रवर्गास १,००० रुपये आणि राखीव प्रवर्गास ९०० रुपये. प्रत्येकाकडून ९०० रुपयेच आले असे धरले तरी रक्कम नव्वद कोटींच्या घरात जाते. आता मघाचा आकडा आठवा. रिक्त जागा लपवणाऱ्या मालकाला पहिल्या गुन्ह्यास कायद्याने ठरवलेला दंड जास्तीत जास्त ५०० रुपये होता. बेकार तरुणाला एक अर्ज करण्यासाठी त्याच्या दुप्पट रक्कम मोजावी लागली. गुन्हा कोणाचा आणि दंड कोणाला, याचा विचार आपणच करा. पुढे २०२४च्या पोलीस भरतीत १७,४७१ पदांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले. म्हणजे एका पदामागे सुमारे शंभर. या शंभरांतील नव्व्याण्णवांना अधिक चांगले ॲप दिल्याने एकही जागा वाढत नाही.

ऑनलाइन पद्धतीने भ्रष्टाचार संपेल, असेही आपल्याला सांगण्यात आले होते. अनुभव काय आला? परीक्षार्थींच्या सततच्या तक्रारींनंतर 'महापरीक्षा' पोर्टल फेब्रुवारी २०२० मध्ये बंद करावे लागले. त्यानंतर खाजगी कंपन्यांकडे काम दिले, तर २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या परीक्षेतील पेपरफुटी उघडकीस आली आणि म्हाडाची परीक्षा ऐनवेळी पुढे ढकलावी लागली. हे दोष केवळ यंत्राचे नाहीत. सरकारने आपली जबाबदारी कंत्राटदाराच्या हाती दिली की काय होते, त्याचे ते दाखले आहेत. ६ सप्टेंबर २०२३च्या शासन निर्णयाने तर भरतीच बाहेरच्या नऊ संस्थांमार्फत कंत्राटी पद्धतीने करण्याचे ठरले होते. राज्यभर तरुण संतापले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. संघटित आवाजापुढे शासन नमते, हे या घटनेतून आपण शिकले पाहिजे.

नोंदणीतून प्रत्यक्ष काय हाती येते, याचे ताजे उदाहरण म्हणजे २०२४ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. 'महास्वयम्'वर नोंदणी केलेल्या तरुणांना सहा महिने कार्यालयांत आणि आस्थापनांत काम मिळाले. बारावी झालेल्यास महिना सहा हजार, आय.टी.आय. व पदविकाधारकास आठ हजार, पदवीधरास दहा हजार रुपये विद्यावेतन. पुढे मुदत पाच महिन्यांनी वाढली. तरुणांनी कचेऱ्यांत कामे केली, शाळांत शिकवले. मुदत संपल्यावर ते पुन्हा त्याच पडद्यासमोर आले. जे काम अकरा महिने आवश्यक होते ते बाराव्या महिन्यात अनावश्यक कसे झाले? काम कायमचे आणि माणूस तात्पुरता, ही नीती सरकारनेच अनुसरली तर खाजगी मालकाला आपण कोणत्या तोंडाने बोलणार?

फसवणुकीबद्दलही बोलले पाहिजे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा बी. कॉम. आहे. त्याने एका ठिकाणी अर्ज केला आणि दोन दिवसांत त्याला फोन आला. गोड हिंदीत बोलणाऱ्या बाईंनी त्याची निवड झाल्याचे सांगितले. नियुक्तिपत्र मोबाईलवर आले, त्यावर गोल शिक्का होता. प्रथम गणवेशाचे अडीच हजार, मग प्रशिक्षणाची अनामत आठ हजार. आईने तुरीच्या पैशांतून ते दिले. त्यानंतर तो फोन कधी लागला नाही. मुलगा पंधरा दिवस घराबाहेर पडला नाही. बापाने मला सांगितले, "पैशाचं काई नाई सर, पन पोरगं आता फारमच भरत नाई." पैशापेक्षा मोठे नुकसान ते हेच.

या सगळ्याशी तुलना करण्यासाठी मी आपल्याच महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्याची आठवण करून देतो. वि. स. पागे यांनी ज्या योजनेचा पाठपुरावा केला आणि १९७२च्या दुष्काळात जी राज्यभर पोचली, तिला १९७७ मध्ये विधिमंडळाने कायद्याचे रूप दिले. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. तिच्या खर्चासाठी शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. माझ्या पगारातून तो कर दरमहा कापला जाई, आणि पगारपत्रकातील ती एकच कपात मला कधी खुपली नाही. त्या कायद्यात मजुराने कामाची मागणी लेखी करायची, तिची तारीख घातलेली पोच घ्यायची, आणि त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम देणे सरकारला बंधनकारक होते. न दिल्यास बेकारभत्ता. भत्ता किती तुटपुंजा होता आणि किती थोड्यांना मिळाला, हे मला ठाऊक आहे. तरीही तत्त्व पाहा. अंगठा उठवणाऱ्या बाईच्या हातातील त्या चिठोऱ्याने सरकारचे घड्याळ चालू होत असे.

पुढे २००५च्या केंद्रीय कायद्याने तेच तत्त्व देशभर नेले. त्याच कायद्याच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईलवर दोनदा छायाचित्र घेऊन हजेरी नोंदवण्याची सक्ती झाली, आणि रेंज नाही म्हणून केलेल्या कामाची हजेरी बुडाल्याच्या तक्रारी ठिकठिकाणाहून आल्या. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी दुसरा कायदा संमत केला. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आजच्या विषयापुरता भेद एवढाच: पोर्टल आपल्या तरुणाला नोंदणी क्रमांक देते, पण त्या क्रमांकाने कोणाचेच घड्याळ चालू होत नाही. त्याला कोणी पंधरा दिवसांत उत्तर देणे लागत नाही, पंधरा महिन्यांतही लागत नाही. नोंदणी क्रमांक म्हणजे पोच नव्हे. "फारम भरला, पन काई आलं नाई" या वाक्याचे कारण येथे आहे.

येथे विल्यम बेव्हरिज या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचे उदाहरण उद्बोधक आहे. १९०९ साली त्यांनी बेकारीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात कामगार आणि जागा यांची गाठ घालून देणाऱ्या केंद्रांवर त्यांचा मोठा भर होता. त्याच वर्षी ब्रिटनने तसा कायदा केला आणि १९१० पासून केंद्रे उघडली. पुढे महामंदी आली. केंद्रे होती, नोंदवह्या होत्या, रांगाही होत्या, जागा नव्हत्या. १९४४ साली त्याच बेव्हरिजनी पूर्ण रोजगारावर दुसरा ग्रंथ लिहिला आणि सांगितले की, बेकार माणसांपेक्षा रिकाम्या जागा नेहमी अधिक असतील तरच त्याला पूर्ण रोजगार म्हणावे, आणि तशी मागणी निर्माण करणे हे राज्यसंस्थेचे काम आहे. पस्तीस वर्षांच्या अनुभवाने तो विद्वान जे शिकला, ते आपण पोर्टलच्या उद्घाटनांच्या गर्दीत विसरू नये.

मग कार्यकर्त्याने काय करावे? मी तीन कामे सुचवतो.

पहिले, साधन शिकून घ्यावे. आठवड्यातून एक दिवस शाखेच्या कचेरीत मोबाईल किंवा संगणक घेऊन बसावे आणि कोणाचाही अर्ज विनामूल्य भरून द्यावा. भरलेल्या अर्जाची आणि शुल्काच्या पावतीची प्रत अर्जदाराला काढून द्यावी. नोकरीसाठी गणवेश, अनामत किंवा प्रशिक्षण या नावाने कोणी पैसे मागितले तर ते देऊ नयेत, हे प्रत्येकाला बजावावे. फसवणूक झालीच तर लाजून घरी बसू देऊ नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करण्यास मदत करावी.

दुसरे, एक वही ठेवावी. कोणी कोणत्या पदासाठी केव्हा अर्ज केला, शुल्क किती गेले, प्रवासाला किती लागले, उत्तर केव्हा आले किंवा आलेच नाही, एवढेच रकाने. नावे गुप्त ठेवावीत, बेरजा जाहीर कराव्यात. एका गावाने एका वर्षात किती अर्ज केले, किती रुपये घातले आणि किती नेमणुका मिळवल्या, हे त्या वहीतून दिसेल. माझ्या तरुणपणी रांग कचेरीबाहेर उभी होती, ती सर्वांना दिसत होती. आज प्रत्येक बेकार आपापल्या घरात एकटा आहे आणि अपयश आपलेच आहे असे समजतो. त्या वहीत त्याला आपल्या मागचे-पुढचे लोक दिसतील.

तिसरे, त्या बेरजांच्या आधारे मागण्या कराव्यात. सरकारी पदांच्या परीक्षांचे शुल्क रद्द करावे. मंजूर पदे किती, रिक्त किती आणि ती कोणत्या तारखेपर्यंत भरणार, हे प्रत्येक खात्याने जिल्हावार जाहीर करावे. प्रत्येक अर्जाला ठरावीक मुदतीत कारणांसह उत्तर द्यावे. प्रशिक्षणार्थी म्हणून वर्षभर राबवलेल्यांना भरतीत न्याय मिळावा. आणि या तालुक्यात खाऱ्या जमिनीची सुधारणा, शेततळी, गोड्या पाण्याच्या योजना यांसारखी जी कामे पडून आहेत, त्यांवर शिकलेल्या आणि न शिकलेल्या हातांना योग्य मजुरीने रोजगार मिळावा. काम मिळण्याच्या हक्कासाठी राज्याने तरतूद करावी, असे घटनेचे ४१वे कलम सांगते.

पुढच्या अभ्यासवर्गाला मला बोलावले तर मी भाषण करणार नाही. आपण सर्वांनी आपापल्या गावच्या वह्या आणाव्यात. त्यांची बेरीज आपण येथेच बसून करू, आणि ती घेऊन एकत्र तहसील कचेरीत जाऊ. निवेदन देताना मात्र एक गोष्ट विसरू नये: त्याची तारीख घातलेली पोच घ्यावी.